पांडुरंग सांगवीकरचं बंड : खर्च कुणाच्या नावावर?



संयोजकांनी आम्हांला विषय दिला तो ‘मराठी साहित्यातला बंडखोर तरुण’ असा. विषय ऐसपैस आहे. या नावाखाली गेल्या सव्वाशे वर्षांतली वीस-पंचवीस पात्रं रांगेनं उभी करता येतील, प्रत्येकाच्या गळ्यात दोन-दोन वाक्यांचा हार घालता येईल आणि तासाभरात आपण सगळे चहाला मोकळे होऊ. तसं करायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. एकच पात्र घेऊ. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर. १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ही कादंबरी काढली. लेखक तेव्हा पंचविशीचा आणि नायकही पंचवीस वर्षांचाच. आज साठ वर्षं उलटली तरी कॉलेजात जाणारा कुणी ना कुणी मुलगा दरवर्षी ती पहिल्यांदा वाचतो, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक वाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घालून घरच्यांना जेरीस आणतो. हे आम्ही वर्गात पस्तीस वर्षं पाहिलेलं आहे, त्यामुळे अधिकारवाणीनं सांगतो.

इथं परतुरात या पात्राविषयी बोलायला आम्हांला एक जास्तीचं कारणही आहे. ‘कोसला’ आली तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा व्हायला १९८१ उजाडावं लागलं. औरंगाबादला विद्यापीठ होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झालेली. त्याआधी विद्यापीठ म्हटलं की उस्मानिया, म्हणजे हैदराबाद. पुण्याला शिकायला जाणं ही आपल्याकडे चार-दोन घरांची गोष्ट. तेव्हाच्या इथल्या वाचकाला पांडुरंग तसा परकाच वाटला असणार. खानदेशातल्या सधन शेतकऱ्याचा मुलगा, बापाच्या पैशांवर पुण्यात राहणारा. आज तसं नाही. आज समोर बसलेल्यांपैकी कितीतरी घरांतला पोरगा पुण्यात नाहीतर संभाजीनगरात कॉट बेसिसवर राहतो आहे, अभ्यासिकेत बसतो आहे, परीक्षेच्या तारखा पुढे जातात तसा तोही पुढे जातो आहे. इकडे कापूस विकला की तिकडे मोबाईलवर पैसे जमा होतात. दोन वर्षांची पाच होतात. मग एक दिवस तो मनमाडकडून येणाऱ्या गाडीतून उतरतो, पाठीवर सॅक, आणि गाव त्याच्याकडे बघून दोनच शब्द बोलतं, ‘वाया गेला.’ तेव्हा पांडुरंग आता परका राहिलेला नाही, स्टेशनातून चालत घराकडे निघालेला आहे. त्याचं बंड म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला आता नीट बघावंच लागेल.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. सांगवी गावचा हा मुलगा. घरात वडिलांचा दरारा, आई, आजी, बहिणी, आणि मुलगा हा एकटाच. मॅट्रिक होऊन पुण्याला कॉलेजात जातो, वसतिगृहात राहतो. सुरुवातीला सगळ्यांत पुढे. मंडळांचा सेक्रेटरी हो, गॅदरिंगचं बघ, मेस चालव, मित्रांना चहा पाज. सगळं अंगावर घेतो आणि सगळ्यात बुडतो. पैसे जातात, मित्र पांगतात, अभ्यास राहतो. मग हळूहळू तो प्रत्येक गोष्टीतून मन काढून घेतो. रात्री-बेरात्री टेकड्यांवर भटकतो. मधे धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते. शेवटी हाती काही न लागता तो गावी परत येतो, आणि गावातल्या रिकाम्या माणसांत एक रिकामा माणूस होऊन बसतो. एवढीच गोष्ट. कथानक नाही म्हणून त्या काळी पुष्कळांनी नाकं मुरडली. आम्हांला विचाराल तर ज्याच्या आयुष्यालाच कथानक मिळालेलं नाही, त्याच्या कादंबरीला ते चिकटवलं असतं तर ती लबाडी झाली असती.

आता बंडाचं बघू. ‘सामाजिक संकेत झुगारणारा नायक’ असं पाठ्यपुस्तकी भाषेत त्याच्याविषयी लिहितात. आम्ही विद्यार्थ्यांना एक साधं काम द्यायचो. म्हणायचो, पांडुरंगानं झुगारलेल्या संकेतांची यादी करून आणा. मुलं कागद घेऊन बसायची आणि गोंधळून जायची. कारण यादी होत नाही! त्यानं परजातीत लग्न केलेलं नाही. देव फोडलेला नाही. मोर्चा काढलेला नाही. बापाच्या तोंडावर ‘मी तुमचा मुलगा नाही’ म्हणून घर सोडलेलं नाही. उलट बाप पैसे पाठवतो ते तो घेतो, आणि शेवटी बापाच्याच घरी परततो. मग याला बंडखोर का म्हणतात?

इथे तीन क्रियापदं वेगळी करू. मोडणं, नाकारणं आणि टाळणं. नियम मोडणारा माणूस नियम ओळखतो, त्याच्यावर घाव घालतो, आणि घावाचा परिणाम सोसायला उभा राहतो. नाकारणारा म्हणतो की हा नियम मला लागूच नाही, का नाही तेही सांगतो. टाळणारा काहीच म्हणत नाही. तो बाजूला सरकतो. पांडुरंग बहुतेक वेळा टाळतो. परीक्षा टाळतो, भेट टाळतो, उत्तर टाळतो. या अर्थानं त्याला बंडखोर म्हणणं ही आपली घाई आहे. पण एका जागी मात्र तो मोडतो, आणि ती जागा म्हणजे भाषा.

मघाशी त्या दोन शब्दांची थट्टा केली. आता जरा गंभीरपणे त्यांच्याकडे बघू, कारण आमचा मूळ धंदा तत्त्वज्ञानाचा. आपल्या न्यायशास्त्रात अनुमान पूर्ण मांडायचं तर त्याला पाच अवयव लागतात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे विस्तव, जसं आपलं स्वयंपाकघर, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर विस्तव आहे, हे निगमन. उदाहरण मधोमध बसलेलं असतं. त्याच्या आधी काहीतरी सिद्ध करायचं असतं आणि त्याच्या नंतर काहीतरी सिद्ध होतं.

पांडुरंग स्वतःविषयी बोलताना थेट ‘उदाहरणार्थ’पासून सुरू होतो. कशाचं उदाहरण? प्रतिज्ञा नाही. का? हेतू नाही. वाक्य संपता संपता ‘वगैरे’ येतं, म्हणजे निगमनही गेलं. राहिलं काय, तर नुसतं स्वयंपाकघर! (हशा) हसा, पण यातली भीषणता लक्षात घ्या. आपल्या घरात मुलगा जन्मतो तेव्हा त्याच्याविषयीची प्रतिज्ञा आधीच तयार असते. हा शिकेल, साहेब होईल, घराचं नाव काढेल. निगमनही तयार असतं. ‘म्हणून याचं भलं झालं.’ मधल्या जागेत त्या मुलानं फक्त उदाहरण म्हणून बसायचं असतं. पांडुरंग बसतो. पण दोन्ही बाजूंचे अवयव उडवून टाकतो. मी उदाहरण आहे हे कबूल, पण तुमच्या सिद्धांताचं नाही. कशाचं ते मलाही ठाऊक नाही. हे खरं बंड आहे, आणि त्या काळच्या मराठी गद्याला ते पचायला जड गेलं. तोवर आपल्या कादंबरीतला नायक बंड करायचा तोही सुभाषितांत. त्याच्या बंडाला शेवटी निगमन असायचंच.

म्हणून अस्तित्ववादाचा जो शिक्का या कादंबरीवर मारतात तोही आम्हांला फारसा पटत नाही. सार्त्रचा माणूस निवड करतो, निवडीचं ओझं घेतो, निवड न करणं हीसुद्धा त्याला निवडच मानावी लागते. पांडुरंगाला ही चैन नाही. तो एकत्र कुटुंबातून आलेला आहे. तिथे निवडणारा ‘मी’ अजून पुरता वेगळा झालेलाच नाही. काम्यूच्या ‘परका’ कादंबरीशीही तुलना होते. १९४२ची ती कादंबरी, आणि मेर्सो हा तिचा नायक. आईच्या अंत्यविधीला तो रडत नाही, आणि पुढे खुनाच्या खटल्यात जणू त्या न रडण्याचीच शिक्षा त्याला होते. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’मधला होल्डन कॉलफील्ड पांडुरंगाच्या जास्त जवळचा. १९५१चं पुस्तक. त्याचाही धाकटा भाऊ गेलेला, त्यालाही शाळेतून काढलेलं, त्याचाही जीव धाकट्या बहिणीत. पण होल्डनचे वडील न्यूयॉर्कातले पैसेवाले वकील. मुलगा तीन दिवस पैसे उडवत शहरभर फिरला तरी त्या घरात कुणाचं काही अडत नाही. सांगवीच्या घरात अडतं, आणि ‘कोसला’ ते लपवत नाही.

आमच्या मते या कादंबरीचं खरं मोठेपण इथं आहे. जगाच्या सगळ्या गोष्टींना ‘वगैरे’ लावणारा हा मुलगा पैशाला ‘वगैरे’ लावू शकत नाही. मेसचे पैसे, फीचे पैसे, मित्रांकडे अडकलेले पैसे, घरून मागवलेले पैसे. पानापानांवर पैसा आहे. बाप रागावतो तो तत्त्वावरून नाही, खर्चावरून. आणि बाप दुष्ट नाही हे ध्यानात घ्या. शेती सांभाळणारा, गावात वजन असलेला, पैसा कसा येतो हे माहीत असलेला माणूस आहे. मुलाला जगाची भाषा शिकायला पाठवलं, आणि मुलगा परत आला तो भाषेवरचा विश्वासच गमावून. त्या बापाला नेमकं काय झालं हे कुणी समजावून सांगायचं?

बापाच्या हिशेबावर बोट ठेवणारा मुलगा आपल्या परंपरेत फार जुना आहे. कठोपनिषदातला नचिकेता. बाप यज्ञात दान देतो आहे, पण देतो त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गायी. पोरगं बघतं आणि विचारतं, मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला देतो. आणि नचिकेता खरंच यमाच्या दारी जाऊन बसतो. यम तीन वर देऊ करतो तेव्हा पहिला वर तो काय मागतो? ब्रह्मज्ञान नाही. बापाचा राग शांत व्हावा, मी परत गेल्यावर त्यानं मला प्रेमानं ओळखावं, हा पहिला वर. ज्या मुलानं बापाचा खोटेपणा उघडा पाडला त्याला बापाची ओळख हवी आहे, तीही सगळ्यांत आधी. पांडुरंगालाही शेवटी बापाच्या दारातच परत यायचं आहे. फरक एवढाच की मधल्या काळात त्याला यम भेटतो, पण वर देत नाही.

तो यम म्हणजे मनीचं मरण. कादंबरीतला हा भाग आम्ही वर्गात मोठ्यानं वाचून दाखवणं पुढे पुढे सोडून दिलं होतं. त्यावर बोलत असू, वाचत नसू. देवीचा रोग आज आपल्या मुलांना फक्त नावानं माहीत. भारत सरकारची निर्मूलन मोहीम सुरू झाली १९६२ साली, म्हणजे ‘कोसला’च्या आदल्या वर्षी, देश देवीमुक्त व्हायला १९७५ उजाडलं. तोवर हा रोग घराघरांतून लेकरं उचलत होता. मनी त्यांतली एक. ती फार लहान आहे. कादंबरीत तिला कोणतंही मोठं वाक्य नाही, कोणतीही भूमिका नाही. आणि तरी तीच एक अशी आहे की जिच्यासमोर पांडुरंगाची सगळी अलिप्तता कोसळून पडते. मेर्सोसारखा तो कोरडा राहू शकत नाही. कारण मरणाला ‘वगैरे’ लावता येत नाही. लहान बहीण मेली, वगैरे, असं म्हणून बघा जरा. जीभ अडते.

मनीच्या मरणाआधीचा पांडुरंग आणि नंतरचा पांडुरंग यांच्यात बंडाच्या दृष्टीनं मोठा फरक आहे, आणि टीकाकारांनी इकडे द्यायला हवं तितकं लक्ष दिलं नाही असं आमचं मत आहे. आधी तो पुण्याला, कॉलेजला, पुढारीपणाला कंटाळलेला असतो. तो कंटाळा तरुण आहे. त्यात थोडी ऐट आहे, मजा आहे, मित्रांना हसवण्याची हौस आहे. नंतर मात्र तो ज्या गोष्टीला नकार देतो ती गोष्ट कॉलेज नाही की समाज नाही. जे घडलं ते योग्यच होतं, देवाची मर्जी होती, असं म्हणायला तो नकार देतो. घर सावरतं, सुतक फिटतं, व्यवहार सुरू होतात. त्याला तो व्यवहार सुरू होणं सहन होत नाही. संकेत झुगारणं म्हणतात ते हे. ‘झालं गेलं विसरून जावं’ हा आपल्या समाजाचा सगळ्यांत बळकट संकेत आहे, आणि तो पाळायला पांडुरंग तयार नाही.

पण इथेच एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपण गिळून टाकू नये. पांडुरंगाला विसरायला नकार देता येतो, भटकता येतं, नापास होता येतं, परत येऊन बसता येतं, कारण तो मुलगा आहे, आणि घर सधन आहे. मनीच्या इतर बहिणींना? समजा त्यांतल्या एखादीनं म्हटलं असतं, मलाही आता कशातच रस उरला नाही, मीही टेकडीवर फिरून येते. किती दिवस चाललं असतं? आईला तरी ही मुभा होती का? आजीचा जाच सोसणारी ती बाई, मूल गेल्यावरही स्वयंपाक तिलाच करायचा. नेमाड्यांनी ही आई बाजूला ठेवली आहे, ठळक केली नाही. काही जण म्हणतील, नायकाच्या नजरेतून जेवढं दिसतं तेवढंच आलं. खरं आहे. पण नायकाची नजर तिच्यावर जास्त वेळ टिकत नाही, याची नोंद वाचकानं तरी घ्यावी. कॉलेजातल्या मुलींबाबतही हेच. त्या येतात-जातात, माणूस म्हणून उभी राहील अशी त्यांत फारशी कुणी नाही. ही या कादंबरीची उणीवच आहे, आणि ‘कोसला’वर प्रेम असल्यामुळेच आम्ही ती स्पष्ट सांगतो.

आता दुसऱ्या एका तरुणाला शेजारी आणून बसवू. त्याच वर्षी, १९६३ सालीच, बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला निवेदकही तरुण, शिकलेला, कविता करणारा. रेल्वेत नोकरी लागून तो गुजरातेत जातो. राहायला खोली हवी, म्हणून जात सांगत नाही. बस्स, एवढाच त्याचा गुन्हा. घरमालक त्याच्या कवितेवर खूश आहे, त्याला मान देतो, आणि मानाच्या प्रत्येक क्षणी याच्या पोटात गोळा उठतो. जात कळते तेव्हा त्याला मरेस्तोवर मारतात. सोडवतो तो काशीनाथ. जात न लपवता, ताठ मानेनं, भांडायच्या तयारीनं वावरणारा दुसरा तरुण.

हे दोन्ही तरुण एकाच वर्षी मराठीत आले. पांडुरंगाला समाजानं जी जागा देऊ केली ती नको आहे. बागुलांच्या तरुणाला जागाच देत नाहीत. भाड्याची खोली मागणं हेच त्याचं बंड ठरतं. एकाच्या बंडाचं बिल बापाच्या नावावर जातं, दुसऱ्याच्या बंडाचं बिल त्याच्याच पाठीवर वसूल होतं. आम्ही असं म्हणत नाही की म्हणून पांडुरंगाचं दुःख खोटं. दुःखाची तोलामोलाची स्पर्धा लावणं हा फार हलका प्रकार आहे, आणि हल्ली तो फार बोकाळला आहे. आमचं म्हणणं एवढंच की तरुण पात्राचं बंड वाचताना खर्च कोण सोसतंय हा प्रश्न विचारल्याशिवाय ते बंड पूर्ण वाचलं असं होत नाही. बागुलांच्या कथेत हा प्रश्न विचारावा लागत नाही, तो अंगावरच येतो. ‘कोसला’त तो विचारावा लागतो, पण उत्तर तिथेच लिहून ठेवलेलं आहे.

त्याच्या कितीतरी आधीची हरिभाऊंची यमू आठवा. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येत होती. यमूचं बंड काय, तर नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकली, मुंबईच्या बिऱ्हाडी त्याच्याशी चारचौघांसारखं मोकळं बोलली, चार शिकलेल्या लोकांत बसली. याहून सौम्य बंड असू शकेल का? नवरा गेला आणि घरानं एकेका पुस्तकाची किंमत तिच्याकडून वसूल केली. तिचं जबरदस्तीनं वपन केलं. यमूला टाळण्याची सोय नव्हती. ‘मला कशातच रस नाही’ हे वाक्य म्हणायलासुद्धा पायाखाली थोडी स्वतःची जमीन लागते.

आता मघाच्या त्या दोन शब्दांकडे येऊ. वाया गेला. हा शब्द आपण कशाला वापरतो? बी वाया गेलं, खत वाया गेलं, पाणी वाया गेलं. म्हणजे मुलात काहीतरी घातलं होतं आणि त्यातून काहीतरी निघायचं होतं, ते निघालं नाही. ही भाषा शेताची आहे आणि शेतकऱ्याच्या तोंडी ती अगदी स्वाभाविक आहे. तिला नावं ठेवायचा आम्हांला अधिकार नाही. पण कादंबरीचं नाव बघा. कोसला म्हणजे कोष, किड्यानं स्वतःभोवती विणलेलं घर. जालन्याला रेशीम कोषांची बाजारपेठ झाल्यापासून आपल्या भागात तुती लावणारे शेतकरी आहेत. इथेही बसले असतील. त्यांना आम्ही काय सांगावं? कोष वेळेत विकावा लागतो, आतला पतंग बाहेर पडायच्या आत. कारण पतंग बाहेर पडला की कोषाला भोक पडतं, अखंड धागा निघत नाही, आणि त्या मालाला भाव राहत नाही. रेशीम हवं असेल तर आतल्या जिवाला उष्णता देऊन आतच संपवावं लागतं. बाजाराच्या भाषेत वाया गेलेला कोष कोणता? ज्यातून पतंग उडून गेला तो.

साहित्याची मंडळी ‘कोसला’ या नावाचा अर्थ सांगताना एकटेपणा, आत्ममग्नता असं काहीतरी सांगतात. बरोबर आहे ते. पण कोष विकणारा माणूस या नावात जे वाचेल ते साहित्याच्या मंडळींना सुचत नाही. आमचं मत असं की पांडुरंगाचा पतंग उडालेला नाही. तो अर्धवट भोक पाडून आत बसला आहे. धागाही तुटला आणि पंखही फुटले नाहीत. त्याला ‘मुक्त’ म्हणून मिरवणारे वाचक आणि त्याला ‘वाया गेलेला’ म्हणणारं गाव, दोघंही त्याच्याकडे नीट बघत नाहीत. कादंबरी मात्र बघते. शेवटच्या भागात तो गावातल्या इतर बेकार, अर्धवट शिकलेल्या, हरलेल्या माणसांकडे पाहतो तेव्हा पुण्यातली ती थट्टेखोर नजर बदललेली असते. या माणसांवर तो हसत नाही. त्यांच्यात बसतो. आम्हांला हा भाग कादंबरीतला सगळ्यांत प्रौढ भाग वाटतो, जरी तरुण वाचक तिथं पोचेपर्यंत थकतो आणि पानं उलटतो.

आणि ही पानं उलटणं हेच आमच्या तक्रारीचं मूळ आहे. गेल्या साठ वर्षांत ‘कोसला’चे जे चाहते झाले, आणि तिच्यावरून ज्यांनी स्वतःच्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या पुष्कळांनी पांडुरंगाची भाषा उचलली, भटकणं उचललं, सिगारेट आणि टेकडी उचलली. मनी उचलली नाही. मेसचा हिशेब उचलला नाही. नायक कंटाळलेला आहे एवढंच ठेवलं. तो कुणाच्या पैशानं कंटाळलाय हे पान फाडून टाकलं. मग उरतो तो नुसता तोरा. नेमाड्यांवर ही जबाबदारी टाकता येणार नाही. त्यांनी पान लिहिलेलं आहे.

भाषण संपवण्याआधी, मघाशी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे ती घेतो. लिहितात, ‘सर, आमचा मुलगा चार वर्षांनी पुण्याहून परत आला आहे. बोलत नाही. त्याला ही कादंबरी द्यावी का?’ नाव लिहिलेलं नाही, ते बरंच केलं.

आम्ही वैद्य नाही, तेव्हा औषध म्हणून पुस्तक सांगणार नाही. तो जेवत नसेल, झोपत नसेल, तर डॉक्टरकडे न्या, त्यात लाज काही नाही. तो ठीक असेल, नुसता गप्प असेल, तर पुस्तक त्याला देण्याआधी तुम्ही वाचा. तुम्हांला त्यात मुलगा सापडेलच, पण आम्हांला जास्त उत्सुकता आहे ती त्यातला बाप तुम्हांला कसा दिसतो याची. आम्ही इतकी वर्षं शिकवली, परीक्षेला शंभर प्रश्न काढले, पण ‘पांडुरंगाच्या वडिलांच्या बाजूने कादंबरी सांगा’ असा प्रश्न आमच्या विद्यापीठात कधी आलेला आम्हांला आठवत नाही. तुम्ही उत्तर लिहा. दोन-चार पानं झाली तरी पुष्कळ. लिहिलेलं मुलाच्या हाती द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि मुलगा स्वतःच म्हणाला की ‘कोसला’ वाचून झाली, पुढे काय, तर त्याला ‘बिढार’ द्या. १९७५ची कादंबरी. तिथून नेमाड्यांचा नायक बदलतो, चांगदेव पाटील नावाचा. तोही एकटा, तोही चिडलेला, कुठेच न रमणारा. पण पुढे हा प्राध्यापकी करतो. गावोगावी खोल्या बदलतो, नोकऱ्या धरतो आणि सोडतो, आणि सोडतो त्या स्वतःच्या पगाराच्या नोकऱ्या असतात. पहिल्या तारखेला हातात काय येणार आणि महिनाअखेर कशी निघणार, हे त्याला माहीत असतं. ‘बिढार’नंतर ‘हूल’, मग ‘जरीला’, मग ‘झूल’. शेवटची आली १९७९ साली. चारही इथल्या वाचनालयात मिळतील अशी आशा आहे; नसतील तर अध्यक्षमहाराजांनी मनावर घ्यावं. वाचताना क्रम मात्र मोडू नका.